उबेचे चार पुरवठादार

उष्णता ही माणसाला मिळालेली चैन नसून पुढच्या पिढ्यांसाठी पार पाडायची जबाबदारी आहे, असं प्यो इलसॉप यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी मोठ्या आवाजात मांडलं तेव्हा त्यांच्या पायात मोज्यांचे दोन जोड होते, डोक्याला कानटोपी होती आणि ते स्वतःच्या दिवाणखान्यात उभे होते. श्रोत्यांत त्यांची बायको ओकजूबाई एकट्याच होत्या. त्यांनी बाहेर जायचा कोट घातला होता, आणि बाहेर जायचं नव्हतं.

"पुढच्या पिढ्यांचं पुढे बघू," ओकजूबाई म्हणाल्या. "मागच्या पिढीचं काय ते बोला. आई दोंगजीला येतेय."

दोंगजी म्हणजे वर्षातला सर्वांत छोटा दिवस. त्या दिवशी लाल चवळीची पेज खायची आणि इडापिडा घालवायची. यंदा इडापिडा कोण, हे ओकजूबाईंच्या मनात पक्कं होत चाललं होतं.

प्योसाहेब सोलमध्ये लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं होते, त्यातली शेवटची नऊ खरेदी विभागाचे प्रमुख म्हणून. खरेदी विभागातला माणूस निवृत्त होतो. माणसातला खरेदी विभाग होत नाही. गांगवॉनच्या डोंगरात त्यांनी छोटं घर बांधायला काढलं तेव्हा गावच्या सरपंचांनी, नामगुंग यांनी, साधा सल्ला दिला होता. "साहेब, इथं कुणी लाकडाचा बॉयलर लावतं, कुणी तेलाचा. दोन्हींपैकी एक लावा आन् झोपा."

"एक," प्योसाहेब म्हणाले, आणि दमलेल्या शिक्षकासारखे हसले. एकाच पुरवठादारावर विसंबून राहणारी कंपनी एक दिवस त्या पुरवठादाराच्या दारात उभी असते, हे त्यांनी तीन संचालकांना समजावलं होतं. मग स्वतःच्या घराला ते असं दारात उभं करतील होय?

म्हणून त्यांनी चार नेमले. पहिला सूर्य: छपरावर पाणी तापवणाऱ्या काळ्या पेट्या. दुसरी धरणीमाता: दीडशे मीटर खोल भोक पाडून तिच्या पोटातली ऊब ओढणारा पंप. तिसरं जंगल: लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणारा बॉयलर. या तिघांनी आपापली उष्णता दोन हजार लिटरच्या एका टाकीत आणून द्यायची, आणि टाकीने ती नळ्यांतून जमिनीखाली फिरवायची. चौथा पुरवठादार जुना आणि घरचा. आतल्या खोलीच्या जमिनीखाली दगडी बोळ, बाहेर चूल. चुलीत लाकडं घातली की धूर बोळांतून फिरत दगड तापवत पलीकडच्या धुराड्यातून जातो. या चौघांवर देखरेखीला घरातल्या ये-जा करायच्या बोळात, भिंतीवर, एक नियंत्रक पेटी होती. तिच्यावर निळा पडदा होता. तिचं माहितीपुस्तक दोनशे चौदा पानांचं होतं आणि ते कुठल्याशा भाषेतून कुठल्याशा भाषेत भाषांतरित केलेलं होतं.

हा सगळा थाट खरं तर सासूबाईंच्या पाठीसाठी होता. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. थोरल्या मुलाकडे चौदाव्या मजल्यावर राहायच्या. तिथली जमीन कोमट असायची, कारण मुलगा काटकसरी होता. सासूबाईंना हवी होती लहानपणीची जमीन, जिच्यावर पाठ टेकली की चटका बसावा आणि हाडं हळूहळू सुटी व्हावीत. 'एकदा नीट पाठ शेकून घेईन आणि मग कुठेही जायला मोकळी,' असं त्या फोनवर म्हणायच्या. त्या कुठे जाणार हे त्या सांगत नसत, पण ओकजूबाई फोन ठेवल्यावर रडायच्या.

"आईची पाठ इथे शेकली गेली तर मी इथे," ओकजूबाईंनी घर बांधतानाच बजावलं होतं. "नाही गेली, तर मी आईला घेऊन सोलच्या फ्लॅटमध्ये. तुम्ही राहा इथे, सूर्याबरोबर."

भोक पाडायचं यंत्र आलं त्या दिवसापासून प्योसाहेबांचं खाजगी आयुष्य संपलं. गावाच्या मधोमध खांबावर चार भोंगे होते, आणि सरपंच रोज सकाळी साडेसहाला त्यांवरून गावाशी बोलत. चारांपैकी एक भोंगा प्योसाहेबांच्या उशीकडे तोंड करून होता.

"आ, आ. ऐकू येतंय का. प्योसाहेबांच्या घरी आजपासून जमीन खोदतायत. ज्यांच्या गाई गाभण आहेत त्यांनी पलीकडं बांधाव्यात. पाणी लागलं की कळवू."

पाणी लागायचं नव्हतंच. ऊब लागायची होती. हे समजावायला प्योसाहेब गावच्या पारावर गेले. त्यांनी तक्ते नेले होते. गावकऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे पाणी नाही लागलं," एक म्हातारी हळहळून म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात सहानुभूतीचा मुळा येऊन पडला.

मग कचेरी. सूर्याचं अनुदान ऊर्जा विभागात, जमिनीतल्या भोकाचं भूजल विभागात, गोळ्यांचं वन विभागात, आणि चुलीची परवानगी बांधकाम विभागात. प्रत्येक विभागाला एक हमीपत्र हवं होतं, की घरात उष्णतेची दुसरी कोणतीही सोय नाही. प्योसाहेबांनी एकतीस वर्षांत खोट्या मजकुरावर सही केली नव्हती. त्यांनी चारही हमीपत्रांत बारीक अक्षरांत 'उरलेल्या तीन सोडून' असं लिहिलं, आणि चारही परत आली.

ब्यॉन नावाचा लिपिक चाळिशीचा होता. नकार देताना तो कमरेत इतका वाकायचा की समोरच्यालाच अपराधी वाटावं. "सर, अर्जात मुख्य उष्णतास्रोत एकच लिहायचाय. तुम्ही चार खुणा केल्यात. संगणक घेत नाही."

"पण चारही मुख्य आहेत."

"हो सर. मग 'इतर'वर खूण करू या."

"'इतर'मध्ये आणखी कोण येतं?"

ब्यॉनने यादी पाहिली. "एक गृहस्थ आहेत, ते कोंबडीखताच्या वाफेवर घर तापवतात. आणि डोंगरावरचा एक मठ आहे. त्यांनी रकान्यात 'साधना' लिहिलंय."

कोंबडीखत आणि साधना यांच्या मधल्या ओळीत प्योसाहेबांचं नाव चढलं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

चूल बांधायला मोकआजोबा आले. पंचक्रोशीत दगडी बोळांची जमीन बांधू शकणारे ते शेवटचे होते, आणि हे ते दर अर्ध्या तासाने सांगत. वरच्या थरात गरम पाण्याच्या नळ्या पाहून ते म्हणाले, "शेगडीवर शेगडी ठेवलीय." धुराड्यावर नियंत्रकाच्या हुकमाने मिटणारं यांत्रिक झाकण बसवायचंय म्हटल्यावर त्यांनी थापी खाली ठेवली.

"धुराला दार लावता?"

"आजोबा, चौघंही एका हुकमाखाली हवेत. नाहीतर शिस्त राहात नाही."

"आग लिफ्ट नाही," मोकआजोबा म्हणाले. पण थापी उचलली, कारण मजुरी दिवसावर ठरली होती.

शेवटी नियंत्रकाचा तंत्रज्ञ आला. त्याने एक बोटभर सेन्सर दाखवून विचारलं, "तापमान कुठे मोजायचं, साहेब? सगळे भिंतीवर लावतात, छातीच्या उंचीला."

प्योसाहेबांना तो प्रश्न फार आवडला. खोलीत चुलीजवळची जी जागा सर्वांत जास्त तापते, ती घरातल्या सर्वांत ज्येष्ठाची. तिथे भिंत बसत नाही, सासूबाई बसतात. घराची ऊब म्हणजे ज्येष्ठाच्या पाठीखाली जे असेल ते, बाकी सगळी हवा. "सेन्सर तिथे," त्यांनी मानाच्या जागेकडे बोट दाखवलं. "जमिनीवर चिकटवलेल्या तेलकागदाखाली."

तंत्रज्ञाने एकदा तोंड उघडलं. मग समोरच्याचं वय पाहिलं आणि "हो साहेब" म्हणाला. त्या दोन शब्दांवर आपल्याकडे किती इमारती उभ्या आहेत, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी यंत्रणा सुरू झाली आणि घर गार पडलं.

निळ्या पडद्यावर आकडा होता त्रेचाळीस. खत विकत घेताना फुकट मिळालेला एक साधा थर्मामीटर स्वयंपाकघरात लटकत होता; त्यावर तेरा.

"तेरा," ओकजूबाई म्हणाल्या.

"तो नुसता पारा आहे. ही यंत्रणा आहे."

"मग माझी बोटं यंत्रणेला दाखवा."

चारही पुरवठादारांची माणसं बोलावली गेली. सूर्याच्या माणसाने पेट्या पाहिल्या, उत्तम आहेत म्हणाला, आणि जाताना पंपाकडे संशयाने पाहिलं. पंपाच्या माणसाला पंप निर्दोष आढळला. त्याला गोळ्यांमध्ये दमटपणा जाणवला. गोळ्यांच्या माणसाने एक गोळी दातांखाली फोडून दाखवली आणि दोष दगडांचा असल्याचं सांगितलं. मोकआजोबांनी कुणाकडेच पाहिलं नाही. धुराड्याचं झाकण आपोआप मिटून धूर चुलीच्या तोंडातून उलटा त्यांच्या अंगावर येत होता, आणि ते त्यातच पाठ फिरवून उभे होते. चार पुरवठादार ठेवल्याचा फायदा हा, की जबाबदार कोण हे कधीच कळत नाही. हा फायदा प्योसाहेबांनी तीन संचालकांना सांगितला नव्हता.

त्यातून बर्फ पडला आणि नवीच भानगड झाली. सगळ्या गावाची छपरं पांढरी, फक्त प्योसाहेबांचं कोरडं. घर फार तापलंय अशी यंत्रणेची समजूत झाली, की ती जमिनीच्या नळ्या बंद करायची, पंप आणि बॉयलर झोपवायची, धुराडं मिटायची आणि टाकीतलं गरम पाणी निववायला छपरावरच्या पेट्यांत पाठवायची. रात्री टाकीत जेमतेम साठलेली ऊब दिवसा आभाळात. गावातल्या झाडून सगळ्या मांजरी छपरावर येऊन राहिल्या.

"आभाळ तापवताय जणू, साहेब," सरपंच खालून वर बघत म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला भोंगा बोलला: "आ, आ. प्योसाहेबांच्या घरी थंडी आहे. ज्यांच्याकडं जास्तीची लाकडं आहेत त्यांनी एक-एक मोळी नेऊन टाका. जुन्या गोधड्याही चालतील."

चालल्या. सतरा आल्या. प्योसाहेबांनी प्रत्येकाला वाकून धन्यवाद दिले. एकेकाळी याच माणसाने पोलादाच्या पुरवठादारांना खुर्चीशिवाय ताटकळत ठेवलं होतं.

दोंगजीला दहा दिवस राहिले. कपाटावरची ओकजूबाईंची प्रवासी बॅग खाली आली आणि पलंगाशेजारी उभी राहिली. रिकामी, पण उघडी. प्योसाहेब आता तर दिवसभर टाकीच्या खोलीत माहितीपुस्तक घेऊन बसू लागले. सकाळचं जेवण दुपारी, दुपारचं रात्री.

अशा परिस्थितीत लिपिक ब्यॉन अंतिम तपासणीला आला. बाहेर उणे चौदा होतं. त्याने बूट काढले, कोट काढला नाही. बोळात निळ्या पडद्यासमोर उभा राहून त्याने आकड्याचा फोटो काढला. त्रेचाळीस. वहीत लिहिलं: 'समाधानकारक'. लिहिताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

"आत या ना, बसा," ओकजूबाई म्हणाल्या. "इथे नको, तिकडे, चुलीकडे बसा."

"नको, नको. मी इथे दारातच बरा."

"असं कसं. पाहुणे आहात."

"ती ज्येष्ठांची जागा, वहिनी."

"ज्येष्ठ टाकीजवळ आहेत. बसा तुम्ही."

तीनदा नको म्हणून झाल्यावर ब्यॉन आत आला. ओकजूबाईंनी मानाच्या जागेवरची गोधडी उचलली, खालून काहीतरी काढून ताटात ठेवलं, आणि पाहुण्यांना बसवलं. ब्यॉन नखशिखांत गारठलेला होता. त्याचा कोट तर बर्फाचीच लादी. बोळात येऊन पोचलेल्या प्योसाहेबांना पडद्यावरचा आकडा उतरताना दिसला. छत्तीस. एकोणतीस. सतरा. खाली पंप घुरघुरला, गोळ्या खडखडत बॉयलरमध्ये पडल्या, धुराड्याचं झाकण कुरकुरत उघडलं. दोन आठवड्यांत प्रथमच चौघं एकदम कामाला लागले होते.

"अगं," प्योसाहेब दारातून म्हणाले, "आत्ता काय केलंस?"

"पाहुण्यांना बसवलं."

"त्याआधी?"

"तुमचा भात उचलला."

ताटात पितळेची झाकणाची वाटी होती, वाफाळती. पंपामुळे भाताचा विजेचा कुकर लावून ठेवला की वीज जायची. म्हणून ओकजूबाई, त्यांची आई करायची तसं, नवऱ्याचा गरम भात मानाच्या जागेवर गोधडीत गुंडाळून ठेवत होत्या. दोन्ही वेळा. नवरा यंत्रणेपाशी जितका उशीर करी, तितका वेळ भात सेन्सरवर बसून राही. आणि भात जितका वेळ बसे, तितका नवऱ्याला यंत्रणेपाशी उशीर होई.

प्योसाहेबांनी वाटीचं झाकण उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. "सेन्सर भिंतीवर हलवतो," ते शेवटी म्हणाले. "आजच."

ब्यॉन बसल्या जागी वाकला. "सर, सेन्सरची जागा नकाशात आहे. नकाशा चार विभागांनी मंजूर केलाय. सेन्सर हलला की नकाशा हलतो. नकाशा हलला की चारही अर्ज पहिल्यापासून. आणि आता तर समाधानकारक आलंय."

"ते भाताचं आलंय."

"फोटो काढून झालाय, सर."

म्हणजे अनुदानाच्या अटीची पाच वर्षं संपेपर्यंत सेन्सर तिथेच. उपाय सोपा होता: त्या जागेवर काही ठेवायचं नाही, कुणी बसायचं नाही. आठवडाभर तो उपाय पाळला गेला, आणि घर असं तापलं की ओकजूबाईंनी कोट काढला, मग स्वेटर, आणि बॅगेची चेन लावली. स्वयंपाकघरातला नुसता पारासुद्धा तेवीस म्हणू लागला. सरपंचांनी भोंग्यावरून लाकडं नेणं थांबवायला सांगितलं. गोधड्या मात्र कुणी परत मागितल्या नाहीत.

घर उबदार राहायची अट एवढीच होती, की घरातल्या सर्वांत उबदार जागी कुणी जायचं नाही. जिच्यासाठी हे घर तापवलं तिनेही नाही. हे प्योसाहेबांच्या लक्षात दोंगजीच्या आदल्या दिवशी आलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूला 'तिथे बसू नका' असं सांगणारा जावई त्यांनी आजवर पाहिला नव्हता, ऐकला नव्हता. त्यांनी मसुदा करून पाहिला. तीन मुद्दे झाले आणि चौथ्याला हात थांबला.

सासूबाई आल्या. कमरेत दुमडलेल्या, पाठीवर एक गाठोडं, ते कुणाला घेऊ देईनात. पेज खाल्ली. मग आतल्या खोलीत गेल्या आणि कुणी न सांगता, कुठेही न पाहता, सरळ मानाच्या जागेकडे निघाल्या.

"सासूबाई, इकडे खिडकीशी बसा. उजेड छान आहे."

"उजेड पुष्कळ बघितला, जावईबापू," त्या म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. ओकजूबाईंनी वरून गोधडी घातली. सासूबाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "अशी जमीन लग्नाआधी होती. माझ्या बापाच्या घरी."

चार विभाग, चार पुरवठादार, कोंबडीखत, साधना, सगळं या एका वाक्यासाठी होतं. आणि बोळातला आकडा चढत होता. एकतीस. छत्तीस. चाळीस. पंप गप्प झाला.

"सांगा आईला," ओकजूबाई बोळात येऊन कुजबुजल्या.

"तू सांग. आई तुझी आहे."

"सेन्सर तुमचा आहे."

संध्याकाळपर्यंत दगड निवले. सासूबाईंनी तळहात जमिनीवर ठेवून पाहिला. "जमीन गुणाची आहे, जावईबापू. पण ऊब टिकत नाही."

ओकजूबाईंचं लक्ष बॅगेकडे गेलेलं प्योसाहेबांनी पाहिलं. मग ते सासूबाईंसमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. सूर्य, धरणी, जंगल, चूल, सेन्सर, भात. आयुष्यात प्रथमच त्यांनी तक्ते न वापरता काही समजावलं.

"म्हणजे मी उठले की घर तापणार," सासूबाई म्हणाल्या.

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

"आणि मी निजले की सगळे गारठणार."

सासूबाई हळूहळू उठून बसल्या. "माझ्यापायी कुणी गारठायला नको. ओकजू, माझं गाठोडं आण."

ओकजूबाईंनी गाठोडं आणलं. दुसऱ्या हाताने त्यांनी आपली बॅग उचलली होती. सासूबाईंनी गाठ सोडली. आत दोन लुगड्यांएवढी जाड, गुंडाळलेली, विटक्या गुलाबी फुलांची, विजेवर तापणारी एक चटई होती. थोरल्याच्या घरी त्या नऊ वर्षं हिच्यावरच झोपत होत्या. त्यांनी ती मानाच्या जागेवर अंथरली, हाताने सारखी केली आणि वायरचं टोक जावयाच्या हातात दिलं.

"लावा. मार्चपर्यंत मी काही हलत नाही. तिथे चौदाव्या मजल्यावर दिवसभर कुणी बोलायला नसतं."

प्योसाहेबांनी वायर लावली. ओकजूबाईंनी बॅग परत कपाटावर ठेवली. बोळात आकडा सेहेचाळीसवर जाऊन थांबला आणि यंत्रणा बंद राहिली. दोन दिवसांनी ओकजूबाईंनी आणखी दोन चटया मागवल्या. चटईच्या बटणावर एक, दोन, तीन असे आकडे असतात. त्या घरात सगळे दोनवर ठेवतात.